चौथी कनात

दुकानात उभं राहून फोनवर बोलणारं गिऱ्हाईक मला आवडत न्हाई. ऑर्डर द्यायची तं ऑर्डर दे, फोन आला तं भाईर जा. दोन्ही एकदम केलं का एक तरी काम बिघडतंच. त्या दिवशी बिघडलं… पण माझं.

मार्च चालू होता. आमच्या जवळा बाजार गावात चौफेर हळद शिजायचा वास. रस्त्यानं चालणारी अर्धी माणसं पिवळ्या पायांची. मी दुकानासमोर उन्हात कनाती झटकून राहिले होते. कनात म्हणजे मंडपाला भिंतीसारखं बाजूनं लावतात ते कापड. आमचं मंडप डेकोरेशन हाय. बाबांचा, म्हणजे तातेरावांचा, गुडघा गेला तवापासून शिडीवर मीच चढते. शाळा धाव्वीतच सुटली. गणित मला येत नव्हतं आन सरांना राग आवरत नव्हता, मलाबी न्हाई. आता एकोणीस चालूय, राग तेवढाच हाय.

"मंडप इथंच मिळतो ना?"

मागं वळले. उंच, सावळा पोरगा. खांद्याला झोळी. मागं आमचा बारा फुटी बोर्ड.

"न्हाई, इथं कांदे मिळतात."

तो हसला. रागावला न्हाई. मला जरा वाईटच वाटलं, रागावणारं गिऱ्हाईक सोपं असतंय.

"मंग किलोभर मंडप द्या," तो म्हणला. "मी देविदास. साखरा गावाजवळच्या तांड्यावरचा. संभाजीनगरला नाटकाचं शिकलो. इथं कापसाच्या बंद जिनिंगच्या आवारात नाटक बसवून राहिलो. तालमीपासून खेळापर्यंत एक स्टेज पाहिजे. तीन भिंती. मागं एक, उजवीकडं एक, डावीकडं एक. साध्या, मातकट रंगाच्या—"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आन हा बाबा तिथंच, माझ्या तोंडासमोर, बोलायला लागला.

"हॅलो… अगं, तीन भिंती तं कुणीबी लावतं! चौथी भिंत! चौथी सगळ्यात महत्त्वाची. ती पक्की पाहिजे. ती पडली का आपलं नाटक पडलं… हां. ठेवतो."

फोन खिशात घातला, माझ्याकडं बघितलं. "कळलं ना सगळं?"

"कळलं," मी म्हणलं. मी एकदा ऐकलं का विसरत न्हाई.

तीन मातकट कनाती मी घटकेत लावल्या. चौथीला मात्र जीव ओतला. सगळ्यात महत्त्वाची म्हणला होता ना! आमच्याकडची सगळ्यात भारी काढली. मरून मखमल, खाली सोनेरी झालर. नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागं लावतो ती. पुढून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरीनं अशी आवळली का वादळबी हलवणार न्हाई.

बाबा खालून काठी टेकून बघून राहिले होते. "दीक्षे… अगं, लोक बघतीन कसे?"

"नव्या पद्धतीचं हाय बाबा. विलायती. बघायचं नसतं, ऐकायचं असतं."

"रेडिओसारखं?"

"व्हय."

 माझ्याशी वाद घालायची हिंमत बाबा जेवल्यावरच करतात.

देविदास आला. स्टेजच्या डावीकडून गेला, उजवीकडून आला. झालर हातात धरून बघितली.

"हे… काय हाय?"

"चौथी भिंत. पक्की."

आधी त्याचे खांदे हलले. मंग तो खालीच बसला, मातीत, आन पोट धरून हसायला लागला. डोळ्यातून पाणी. माझ्या अंगाची आग आग झाली. शिडीवर चढले, सरासर गाठी सोडल्या आन ती अख्खी मखमल त्याच्या डोक्यावर टाकली.

"हस! हस आता आतमधी! ऑर्डर द्यायची अक्कल न्हाई आन माणसाला हसतो! एवढ्या उन्हात दोर आवळून हात सोलले माझे! तुमचं नाटक गेलं खड्ड्यात, आन तुमच्या भिंतीबी!"

आवाराच्या फाटकाजवळ एक शेळी चरत होती. ती पळाली.

मखमलीखालून त्याचं डोकं निघालं. केसाला सोनेरी धागा अडकलेला. हसू गेलं होतं. तो फाटकाकडं बघत होता, शेळीकडं.

"तिथपर्यंत गेला," तो हळूच म्हणला. "आवाज… माईकशिवाय."

"काय?"

"दीक्षा ना तुझं नाव? परवा दुकानात फोन आला होता ना, ती मिना. माझ्या नाटकातली पोरगी. ती पोलीस भरतीत लागली, आज सकाळीच तिनं सांगितलं. मला पोरगी न्हाई. तू करशील?"

"मी धाव्वी नापास हाय."

"माझ्या नाटकात गणित न्हाई."

मला त्याला अजून दोन शब्द सुनवायचे होते. पण त्याच्या केसातला तो धागा वाऱ्यानं हलून राहिला होता… आन मी शब्द विसरले. मी! जी विसरत न्हाई.

तालमीच्या पहिल्या दिवशी त्यानं मला चौथी भिंत समजावली.

"स्टेजवरच्या घराला तीनच भिंती. लोकांच्या बाजूची चौथी, ती नसते. पण आपण धरून चालायचं का ती हाय. म्हणजे लोक आपल्याला बघून राहिले हे आपल्याला माहीतच न्हाई. तिकडं विलायतेत निघालेली रीत हाय. मंग आपल्याकडंबी आली."

"म्हणजे नसलेली भिंत पक्की पाहिजे?"

"व्हय."

"आन तुमी नसलेल्या भिंतीची ऑर्डर दिली?"

"तुला न्हाई गं, मिनाला!"

नाटकबी तिकडचंच होतं, त्यानं मराठीत आणलेलं. एका लहानशा स्टेशनावर चहाचं दुकान. दुकान चालवणारी पोरगी. एक पोरगा मोठ्या शहरात जायला निघालेला. पोरीचा त्याच्यावर जीव, पण ती बोलत न्हाई. गाडी येती. तो जातो.

"आन मंग?"

"संपलं."

"संपलं? लोक चपला मारतीन!"

"ती बोलत न्हाई, तेच तं नाटक हाय, दीक्षा."

"आन हे काय, 'भाईर बर्फ पडून राहिला'? जवळा बाजारात बर्फ फक्त रसवंतीवर पडतो."

त्यानं डोकं खाजवलं. "मंग काय पाडू?"

"काही पाडू नका. हळद शिजू द्या. धूर येऊ द्या. धुरात माणूस जाताना दिसला न दिसला… तसंच होतं ना बर्फात?"

 त्यानं पेन काढून बर्फ खोडला. स्टेशनचंबी एसटी स्टँड झालं. दुसरं कुणी मिळालं न्हाई म्हणून पोरगा तोच झाला. निदान मला त्यानं तसं सांगितलं.

भिंत मात्र मला जमेना. माझी नजर सारखी समोर जायची. माझा काय दोष? बाबा तरुणपणी जलशात ढोलकीवर होते. भीमजयंतीला गावोगाव फिरायचे. जलशात गाणारा मधीच थांबून समोरच्या म्हातारीला विचारणार, "काय आत्याबाई, खरं का खोटं?" म्हातारी म्हणणार, "खरं हाय, लेकरा!" मंगच पुढचं कडवं. हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकलं.

एकदा बाबा तालीम बघायला आले. बाजेवर बसले आन थोड्या वेळानं काठी आपटली.

"देविदास, लोकांकडं बघायचंच न्हाई तं लोकांना बोलावता काहून?"

मला वाटलं आता हा अडकला.

"काका," तो म्हणला, "तुमच्या जलशात लोक बोलतात, ते मला येत न्हाई. मला वाटतं माझ्या खेळात लोकांनी थोडा वेळ चूप व्हावं. चूप झालेल्या माणसाला त्याचं त्याला ऐकू येतं."

बाबांनी काठीवर हनुवटी ठेवली. "आपल्या बाजारात लोक चूप?" ते म्हणले. "केलं तं मला सांग. मी गावभर ढोलकी वाजवीन."

तवापासून त्यानं मला गप्प राहायला शिकवलं. जन्मात कुणाला जमलं न्हाई ते. मी स्टोव्हवर खरा चहा करायचा, त्याच्यापुढं ठेवायचा आन त्याच्याकडं बघायचं. बस. बोलायचं न्हाई.

"मनात बोल," तो म्हणायचा.

"मनातलं तुमाला कसं ऐकू येणार?"

"येतं."

असं म्हणला आन कपावरून माझ्याकडं बघितलं. मी स्टोव्हला उगंच पंप मारायला लागले. स्टोव्ह भडकला.

"आत्ता काय बोललीस मनात?"

"साखर कमी पडली."

"खोटं."

"तुमच्या भुवईला हळद लागलीय."

त्यानं पुसली. चुकीची भुवई पुसली. मी सांगितलं न्हाई. दिवसभर तो तसाच फिरला, एका पिवळ्या भुवईचा, आन मी दिवसभर बघून घेतलं.

मी त्याला 'सर' म्हणायचे, फक्त चिडवायला. तो म्हणायचा, "सर नको, देवा म्हण. तांड्यावर सगळे देवाच म्हणतात." मी म्हणायचे, "देवाला हात जोडावे लागतात, सर बरा." 'तुमी'चं 'तू' करायला जीभ रेटत नव्हती. एकदा 'तू' म्हणलं असतं तं सगळंच बोलून बसले असते.

खेळाच्या दोन-चार दिवस आधीची गोष्ट. मी स्टँडाची पाटी ठोकून राहिले होते आन तो… परत फोनवर. परत माझ्या तोंडासमोर.

"हो सर… पुण्याला, हो. खेळ झाला का निघतोच. वर्षभर तरी तिकडंच… हो, नक्की."

हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली.

"लागलं?" तो धावत आला. अंगठा हातात घेतला, फुंकर घातली.

"पुण्याला चालले?"

"एक मोठी नाटक मंडळी हाय. त्यांनी घेतलं मला. तुला सांगणारच होतो…" तो थांबला. अंगठा सोडला न्हाई. "दीक्षा, तुला काही म्हणायचंय का?"

म्हणायचं होतं की! लई म्हणायचं होतं. पण मी कोण? मंडपवाली, धाव्वी नापास. तो पुण्याला शिकलेल्या पोरींसंगं नाटकं करणार. आन समजा मी बोलले आन तो हसला… त्या दिवशी मातीत बसून हसला होता तसा?

"पाटी सरळ हाय का बघा," मी म्हणलं.

त्यानं पाटीकडं बघितलं. "सरळ हाय," तो म्हणला, अगदी बारीक आवाजात. त्यालाबी काही म्हणायचं होतं. पण हा तं भिंतीचाच माणूस! त्यानं मनातच म्हणलं असणार. मला काही ऐकू आलं न्हाई.

खेळ आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवला. ऊन उतरलं तसे लोक पिशव्या घेऊन आले. ताडपत्रीवर बायका, मागं माणसं उभी. पुढंच आमची चतुरामावशी, चतुराबाई, मेथीच्या उरलेल्या जुड्या मांडीवर घेऊन. भाजी विकताना ती गिऱ्हाईकाची सात पिढ्यांची चौकशी करती. तिकडं देवाचे वडील, थावराकाका, पांढरा फेटा बांधून तांड्यावरच्या माणसांसंगं बसलेले. असलं नाटक ते आयुष्यात पहिल्यांदाच बघणार होते.

नाटक चालू झालं. मी चहा केला, गिऱ्हाईक नसलेलं स्टँड झाडलं. समोर बघितलं न्हाई. एकदाबी न्हाई. मागं धूर सोडला, खऱ्या हळदीचा वास आला. लोक आधी खोकले, कुजबुजले… मंग हळूहळू काय झालं कुणास ठाऊक. आवार गप्प झालं. जनरेटरची तेवढी घरघर. कुणाच्या तरी पिशवीतली कोंबडी फडफडली, तिलाबी कुणीतरी दाबलं.

केलं त्यानं. जवळा बाजार चूप केला.

लांबून एसटीचा हॉर्न वाजला. फोनवर भरून ठेवलेला होता तो. देवा उठला. बॅग उचलली. मी कप पुढं ठेवला आन त्याच्याकडं बघितलं. आता तो घोट घेणार, वळणार आन धुरात जाणार. मी मनात बोलायला लागले. ह्या वेळेला साखरेचं न्हाई. सगळं. खरं सगळं. त्यानं घोट घेतला. पण कप खाली ठेवला न्हाई. तालमीत लगेच ठेवायचा.

"अगं बोल की बाई!"

चतुरामावशी. मेथीच्या जुडीसकट हात वर.

"जाऊन राहिला ना तो! तोंडात काय मीठ धरलंय का?"

आवार फुटलं. हशा, शिट्ट्या. मागून कुणीतरी ओरडलं, "ड्रायव्हर, थांबव रे गाडी!"

देवाचे डोळे माझ्यावर. त्यात एकच शब्द: भिंत. दीक्षा, भिंत.

पण मावशीनं मला बोललं होतं, आन मला कुणी बोललं का मी ऐकून घेत न्हाई. मी कमरेवर हात ठेवले आन सरळ स्टेजच्या कडेला आले.

"सोपं वाटतं का मावशी? तुमीच सांगा, काय बोलू? हा शिकलेला, मी नापास! हा पुण्याला चाललेला, माझी शिडीच बारा फुटाची! बोलले आन हा हसला तं?"

"हसू दे! दात पाडू त्याचे!" मावशी.

"आन हा म्हणतो हिथं भिंत हाय. ही, तुमच्या-माझ्यामधी. तुमाला दिसती का कुणाला?"

"न्हाई!" अख्खं आवार ओरडलं. त्यात बाबांचा आवाज सगळ्यात मोठा.

"खरं का खोटं?"

"खरं हाय!"

मला हसूच आलं. किती सोपं होतं! ह्या लोकांशी मी सकाळपर्यंत बोलले असते. मी झोकात मागं वळले, आता त्याला सांगायला…

आन तो समोर उभा. बॅग हातात, कप हातात. कानापर्यंत लाल.

सगळे शब्द गेले. चारशे माणसांशी बोलताना तोंडाचा पट्टा चालू होता आन एका माणसासमोर जीभ टाळूला चिकटली. भिंत तिकडं नव्हतीच. इकडं होती. आमच्या दोघांमधी.

आवार परत चूप झालं. ह्या वेळेला कुणी केलं न्हाई, आपोआप झालं. चतुरामावशीसुद्धा.

मी पुढं गेले. त्याच्या हातातली बॅग घेतली. चहाच्या टपरीखाली सरकवली, आत, पार आत. मंग त्याच्याकडं बघितलं.

"देवा," मी म्हणलं. एवढ्या बारीक आवाजात मी जन्मात बोलले नव्हते, तरी मागच्या माणसापर्यंत गेलं म्हणतात. "तू जा. पण… मला सोडून जाऊ नको."

आता तुमीच सांगा, ह्याचा काही अर्थ लागतो का? जा म्हणलं का नको म्हणलं? पण त्याला लागला. त्याचा चेहरा असा उजळला का जसं कुणी हॅलोजन लावलं.

परत हॉर्न वाजला. नाटकात त्यानं आता निघायचं होतं. तो हलला न्हाई. कपात बघितलं, कप माझ्यापुढं धरला.

"चहा थंड झाला," तो म्हणला. हे वाक्य नाटकात नव्हतं. "दुसरा टाक."

"आन गाडी?" माझ्या तोंडून निघालं.

"जाऊ दे. मागून दुसरी येती." मंग तो लोकांकडं वळला. तो! भिंतीचा बाप! "येती का न्हाई हो?"

"येती!" आवार उठलंच. टोप्या उडाल्या, मेथीची जुडी स्टेजवर येऊन पडली. आन त्या गोंधळात थावराकाका उभे राहिले, कपाळाला हात लावून ओरडले, "अरे देवा! एसटी सोडली तू! आता पुण्याला कसा जाशील?"

लोक इतके हसले का ताडपत्री सुटली.

पडदा मी बांधलाच नव्हता, त्यामुळं पडलाबी न्हाई. लोक आपापल्या पिशव्या उचलून गेले. काही बायका माझ्या गालाला हात लावून गेल्या. मावशीनं देवाला जवळ बोलावून त्याचे दात बघितले आन "राहू दे तूर्तास," म्हणली. बाबा आन थावराकाका बाजेवर बसून चहा पीत होते. आधी बाबांनी माझ्याकडं बघितलं, मंग त्याच्याकडं. 

"आधी मंडप सोडा," बाबा म्हणले. "लग्नाचं बोलणं घरी बसून करू, नाटकाच्या मंडपात न्हाई." आन ढोलकी मागवायला माणूस पाठवला. शब्द दिला होता ना त्यांनी.

आमी दोघं कनाती सोडायला लागलो. मी शिडीवर, तो खाली.

"सोमवारी जाईन," तो म्हणला.

"जा."

"दर सुट्टीला येईन. तुझ्यासाठी… आन हे असलं नाटक करायला. तिकडचं अर्धं, तुझ्या बाबांचं अर्धं. पुण्यात कुणी शिकवत न्हाई हे."

"आन न्हाई आला तं?"

"तं शिडीवरून मखमल टाक डोक्यावर."

"पुण्यापर्यंत?"

"आवाज तं जातो तुझा," तो म्हणला.

मी वरून कनात खाली सोडली. बराबर त्याच्या डोक्यावर. आतून हसण्याचा आवाज आला. ह्या वेळेला मला राग आला न्हाई.

घड्या घालताना तो सारखा काहीतरी शोधून राहिला होता. पेट्यांमागं बघितलं, टेम्पोत बघितलं.

"काय हरवलं?"

"ती मरून मखमल कुठाय? चौथी भिंत?"

"दुकानात. ती लग्नाची हाय. लग्नालाच निघती."

तो झालरीचा एक सोनेरी धागा खिशातून काढून माझ्यापुढं धरून उभा होता. मखमल डोक्यावर पडली त्या दिवशीचा. त्याच्या केसात अडकलेला.

"मंग ती राखून ठेव," तो म्हणला. "तवरोक कुणाला भाड्यानं देऊ नको."